पांढरीची नोंद

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका गावी रस्ता रुंद करताना वेशीबाहेरचे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, जेसीबीने उचलून ओढ्याकाठच्या भरावात टाकले. फोटो फिरले आणि दोन दिवसांत नेहमीचे दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, असल्या प्रत्येक दगडाला सरकारी संरक्षण द्या, आसपास कुदळ पडू देऊ नका. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला धड रस्ता नाही आणि तुम्हाला दगडांचे पडले आहे. तिसऱ्या दिवशी सगळे शांत झाले. या गदारोळात एका साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र कुणाकडेच नव्हते: वीरगळ होते किती? गावातली एक म्हातारी पाच म्हणाली, ठेकेदाराचा माणूस तीन म्हणाला, फोटोत चार दिसत होते. त्यांवर काय कोरले होते, अक्षरे होती का, हे तर विचारायलाच नको. तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीत, तहसिलीत, कुठेच त्यांचा कागद नव्हता. ज्या वस्तूची संख्यासुद्धा ठाऊक नाही तिच्यासाठी आपण तीन दिवस भांडलो.

माझे मत असे की या वादात दोन्ही बाजू एकच घोटाळा करतात. नोंद आणि संरक्षण त्या एकच धरून चालतात. संरक्षण हा निर्णय असतो. त्यात कायदा येतो, पैसा येतो, कुणाचा तरी जमिनीवरचा हक्क आखडतो. म्हणून तो मोजक्याच जागांबाबत घेता येतो आणि विचार करूनच घेतला पाहिजे. नोंद ही नुसती माहिती. अमुक गावी, अमुक गटात, अमुक वस्तू आहे, ती आज अशी दिसते, गाव तिला हे म्हणते. तेवढ्याने कुणाचे घर अडत नाही. महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्याला अशी एक वही हवी. पांढरीची म्हणजे जुन्या वस्त्यांची टेकाडे, पायऱ्यांच्या बारवा, वीरगळ, सतीशिळा, दान मोडणाऱ्याला शाप देणारे गद्धेगाळ दगड, गढ्या, वाडे, घाट, समाध्या, दर्गे, चर्च, जुन्या शाळा, कातळावरची चित्रे, सगळे तिच्यात आले पाहिजे आणि ती कुणालाही उघडून पाहता आली पाहिजे. यातले काय वाचवायचे, याचा वाद त्यानंतर खुशाल घालू.

आपल्या भाषेने या कामाची अर्धी वाट आधीच मोकळी करून ठेवली आहे. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिली, मातीच्या भिंती पडल्या, चुलींची राख साठली, तिथली माती पांढरट झाली. शेतकऱ्याला हे कुणी शिकवावे लागत नाही. धाब्याच्या घरावर पसरायला तो पांढरीचीच माती आणतो. जोर्वे, नेवासे, इनामगाव, दायमाबाद ही नावे अभ्यासकांच्या नकाशावर आली ती असल्याच जुन्या वस्त्यांच्या टेकाडांमुळे. आज काळीचा गुंठान्‌गुंठा मोजलेला आहे, गावठाणातली घरे ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोनने मोजली जात आहेत, पण गावाबाहेरच्या ओसाड टेकाडाची ओळख मातीचा भराव मिळण्याची जागा एवढीच उरली आहे. ट्रॅक्टर लागले की दोन उन्हाळ्यांत ते सपाट होते. वस्तू हाती आली तरी जागा आणि थर निसटले की काय होते, याचे उदाहरण प्रवराकाठच्या दायमाबादचेच. १९७४ साली तिथे एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. देशभर गाजलेला हा ठेवा. पण तो उत्खननाच्या शिस्तीत, थरांचा हिशेब ठेवत निघाला नाही, म्हणून त्याच्या काळाबद्दल जाणकारांत अजून मतभेद आहेत.

याद्या आहेतच की, असे कुणी म्हणेल. आहेत. केंद्राची संरक्षित स्मारके आणि राज्याची संरक्षित स्मारके मिळून महाराष्ट्रात ती हजाराच्या आतच भरतात, आणि गावे चाळीस हजारांहून जास्त. म्हणजे बहुतेक गावांत सरकारदरबारी इतिहास घडलेलाच नाही. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा आपले आणि तमिळनाडूतली जिंजी. मलाही त्या दिवशी अभिमान वाटला. पण महाराष्ट्रात किल्ले आहेत तरी किती? कुणी साडेतीनशे म्हणतो, कुणी तीनशे नव्वद, कुणी चारशेच्या वर. गडकोटांचा देश म्हणवणाऱ्या राज्याला गडांचा एकमताचा आकडा सांगता येत नसेल, तर बारवांचे आणि गढ्यांचे काय विचारावे? शिवाय संरक्षित यादीत नाव आले म्हणजे वस्तू सुरक्षित झाली, असेही नाही. २०१३ च्या अहवालात सरकारी हिशेब तपासणाऱ्या ‘कॅग’ने देशातल्या १,६५५ संरक्षित स्मारकांच्या प्रत्यक्ष पाहणीचा हिशेब दिला, त्यातली ९२ जागेवर सापडलीच नाहीत. पुढे त्यातल्या काहींचा शोध लागला, तर २०२४ मध्ये अठरा स्मारके केंद्राने यादीतूनच काढली. यादी एकदा करून कपाटात ठेवली की तिची हीच गत होते. दर चार-पाच वर्षांनी कुणी जागेवर जाऊन पाहिले नाही, तर संरक्षणाचा निळा फलक आणि रिकामी जागा एवढेच उरते.

एकोणिसाव्या शतकात हे काम एकदा झाले आहे. ते करणाऱ्यांचे हेतू काहीही असोत, त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. मुंबई इलाख्यातल्या प्राचीन अवशेषांची जिल्हावार यादी जेम्स बर्जेस यांनी १८८५ मध्ये छापली. हेन्री कझिन्स यांनी ती सुधारून १८९७ मध्ये पुन्हा काढली. त्या काळी अवशेषांचे तीन वर्ग करत. पहिल्यात कायम दुरुस्त ठेवायच्या वास्तू, दुसऱ्यात आणखी पडझड होऊ नये इतपत सांभाळायच्या, तिसऱ्यात जपणे अशक्य किंवा अनावश्यक ठरलेल्या. मला महत्त्वाचा वाटतो तो हा तिसरा वर्ग. ज्यावर दमडीही खर्चायची नाही असे ठरले, त्याचीही ओळ कागदावर उमटली. त्याच सुमारास शेजारच्या म्हैसूर संस्थानात बी. एल. राइस शिलालेख तालुकावार छापत होते. पुढे बंगळूर वाढत गेले, तळी बुजली, माळ गेले, त्यांच्याबरोबर कित्येक कोरीव दगडही गेले. पण त्या दगडांवर काय लिहिले होते ते आज वाचता येते, आणि तिथली उत्साही मंडळी ती जुनी यादी हातात घेऊन उरलेले दगड गल्लीबोळांत शोधत फिरतात. दगड गेला, मजकूर राहिला. आमच्या ओढ्याकाठी दोन्ही गेले.

आता विरोधी बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे. लोक यादीला भितात, आणि त्यांची भीती खरी आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आहे. स्मारकाशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला पोरासाठी वरची खोली काढता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगीचे हेलपाटे घालावे लागतात. प्रत्येक स्मारकाचा स्वभाव पाहून त्याच्यापुरते नियम करावेत, असे त्याच कायद्यात म्हटले आहे; तसे नियम झाले फार थोड्या ठिकाणी. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. २०१२ मध्ये प्रस्तावित नव्या यादीत शिवाजी पार्कचा परिसर आला तेव्हा तिथल्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला, कारण यादीत नाव म्हणजे पुनर्विकासाला खीळ, हे त्यांना दिसत होते. आणि ही भीती आजची नाही. १८५२ च्या इनाम कमिशनने गावोगावच्या सनदा तपासल्या त्या इनामे काढून घेण्यासाठी. सरकार वही घेऊन दारात आले की काहीतरी जाते, हे महाराष्ट्राच्या हाडात तेव्हापासून मुरले आहे. ज्यांच्या घरावरून हा वरवंटा फिरला त्यांना ‘तुम्हाला वारशाची किंमत नाही’ असे सुनावणे हा उद्धटपणा आहे.

पण या भीतीतून निघतो तो निष्कर्ष कोणता? वही आणि बंदी यांची गाठ सोडा, हाच ना? आजवर आपण याद्या केल्या त्या बंदी घालण्यासाठी, म्हणून माणसे यादीशीच भांडली. इंग्लंडमध्ये परगणा परगण्याच्या अशा नोंदवह्या आहेत. त्यांतल्या बहुसंख्य नोंदींना कायद्याचे संरक्षण नसते. तरीही बांधकामाला परवानगी देताना ती वही पाहिली जाते, आणि खाली काही असण्याचा संभव असेल तर आधी तपासून, मोजून घेतले जाते. त्यानंतर बहुतेक वेळा बांधकाम होतेही. आपल्याकडे एवढेच ठरवले तर? बिगरशेतीची परवानगी, रस्ता, खाण, तलावातला गाळ काढणे, यातल्या कशाच्याही आधी तालुक्याची वही उघडायची. तिथे नोंद असेल तर महिनाभराची मुदत द्यायची. त्यात फोटो, मापे, ठसे घ्यायचे आणि मगच पुढचे ठरवायचे. वाडा मालकाचा, तो पाडायचा की नाही हेही त्याने ठरवावे. पाडण्याआधी त्याचा आराखडा कागदावर उतरू द्यावा, एवढेच मागणे. आमच्या गावचा रस्ता त्यामुळे एक दिवसही अडला नसता. वीरगळ उचलून शाळेच्या कुंपणात उभे करता आले असते.

दुसरा आक्षेप चोरांचा. जागा जाहीर केली की गुप्तधनवाले आणि मूर्तिचोर पोहोचतील. हे म्हणणे मी हलक्यात घेत नाही. गुप्तधनाच्या आशेने मंदिरांचे गाभारे उकरलेले मी स्वतः पाहिले आहेत. एकाकी जागा, सुट्या मूर्ती, न खणलेली टेकाडे यांचे नेमके ठिकाण वहीच्या आतल्या पानात राहावे, बाहेरच्या पानावर फक्त गावाचे नाव यावे. हे सहज करता येते. पण लपवून ठेवल्याने चोरी टळते का? चोराला गावातलाच कुणीतरी वाट दाखवतो. त्याच्या पथ्यावर पडते ती नोंद नसणे, कारण ज्या मूर्तीचा फोटो नाही ती आपली आहे हे जगात कुठेच सिद्ध करता येत नाही. तमिळनाडूतल्या वृद्धाचलमची अर्धनारीश्वराची मूर्ती ऑस्ट्रेलियातल्या एका कलासंग्रहालयात पोहोचली होती. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने कित्येक वर्षांपूर्वी देवळादेवळांत जाऊन काढलेल्या छायाचित्रांत तीच मूर्ती आपल्या कोनाड्यात उभी दिसली, आणि २०१४ मध्ये ती भारतात परत आली. उद्या मराठवाड्यातल्या एखाद्या पडक्या देवळातली सुरसुंदरीची कोरीव मूर्ती परदेशी लिलावात दिसली, तर तिच्यावर हक्क सांगायला आपल्याजवळ कोणता कागद आहे?

तिसरा आक्षेप बोलायला अवघड, म्हणून तो बहुतेक जण टाळतात. नोंद केली की ‘मुळात हे कुणाचे’ हा प्रश्न उठेल, शांत नांदणाऱ्या गावात आग लागेल. असे घडू शकते. पण मोघमपणाने आजवर भांडणे थांबली आहेत, की अफवेला मोकळे रान मिळाले आहे? चांगली नोंद मूळ शोधायला बसत नाही. ती आज जे उभे आहे ते सांगते, एकावर एक आलेले सगळे थर सांगते, आणि आज तिथे कोण दिवा लावतो तेही सांगते. सतीशिळेला शेंदूर फासून गावाने तिला देवी केली असेल, तर शिल्पाइतकाच तो शेंदूरही इतिहास आहे. पिराच्या उरुसाला पहिला मान पाटलाच्या घराचा असेल तर तेही लिहिले पाहिजे. आपल्याकडच्या नोंदींचा खरा रोग वेगळाच आहे: आळशी शब्द. चुन्याशिवाय रचलेले दगडी देऊळ दिसले की लिही ‘हेमाडपंती’. ज्याच्या नावावरून हा शब्द आला तो यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. अंबरनाथच्या देवळातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. दोनशे वर्षे आधीचा. असल्या एका शब्दाने शिलाहार, चालुक्य, यादव सगळे एका पोत्यात कोंबले जातात. काळ ठाऊक नसेल तर तो रकाना कोरा ठेवावा. कोरा रकाना पुढच्याला शोधायला लावतो, चुकीचा शब्द त्याला झोपवतो.

आणि काय लिहायचे हे सौंदर्याच्या मापाने ठरवू नये, हेही इथेच सांगायला हवे. १९२६ साली महाडच्या वास्तूंची कुणी यादी केली असती, तर चवदार तळ्याला त्यात जागा मिळाली असती का? पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि ते देशाच्या इतिहासाचे ठिकाण झाले. कोरीवकाम नसलेली वस्तू नोंदीतून गाळणे म्हणजे ज्यांना कोरीवकाम परवडत नव्हते त्यांना गाळणे. चावडी, रांजण, गुळाची जुनी गुऱ्हाळे, गिरणी कामगारांच्या चाळी, लमाण तांड्यांवरच्या समाध्या, हे सगळे वहीत आले पाहिजे.

हे करणार कोण, हा प्रश्न उरतो, आणि इथे मला एका अपयशाची धास्ती आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या ठरल्या. माधव गाडगीळांसारख्यांनी मांडलेली कल्पना मोठी सुंदर होती: गावानेच आपले रान, आपली बियाणी, आपले मासे लिहायचे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घातली तशी धावपळ झाली, आणि बऱ्याच ठिकाणी गावकऱ्यांना न विचारताच वह्या भरल्या गेल्या. शेजारच्या दोन गावांच्या वह्यांत अक्षरशः तीच झाडे त्याच क्रमाने. आपली वही तशी व्हायची नसेल तर ती ठेका देऊन, आकडा पुरा करायला लिहून घेता कामा नये. वर्षाला तालुक्यातली दहाच गावे झाली तरी चालतील. पण लिहिणाऱ्याने ती जागा पायांनी गाठलेली असावी, आणि नोंदीखाली त्याचे नाव व तारीख असावी.

अशी माणसे नाहीत, असे मात्र कुणी म्हणू नये. इतिहासकार वि. का. राजवाडे दफ्तरे शोधत गावोगाव पायपीट करत, पदरमोड करत, आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापून मोकळे झाले. सगळे सापडेपर्यंत थांबले नाहीत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे प्राचीन तगरला, रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीतून वर येणारे मणी, मृण्मूर्ती, नाणी वर्षानुवर्षे गोळा केली, म्हणून आज तगर नगराचे संग्रहालय त्या गावात उभे आहे. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी विद्यापीठाच्या चौकटीबाहेर राहून शिलालेखांचा ध्यास घेतला. हत्तरसंग-कुडलचा शके ९४० चा मराठी लेख त्यांनी वाचला. बारवांचा नकाशा तर अलीकडे तरुण मुलामुलींनी स्वतःच्या सुट्ट्या आणि पेट्रोल घालून भरत आणला आहे. हे सगळे काम विखुरलेले आहे, कुणाच्या मोबाइलमध्ये, कुणाच्या डायरीत. माणूस गेला की डायरी रद्दीत जाते. सरकारने नव्याने शोधमोहीम काढण्याआधी या डायऱ्या एका वहीत उतरवून घेतल्या आणि पुढे ती वही जागती ठेवायला तालुक्याला एक पगारी माणूस दिला, तरी पहिली दहा वर्षे निभावतील.

नोंद वादाच्या आधी का हवी, हे कोकणाने आपल्याला दाखवले आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पे गुराख्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव विचारत, माती झाडत ती मोजली. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांबीचा, आणि त्याच्या पोटात कितीतरी लहान आकृत्या. २०२२ मध्ये यातली आठ ठिकाणे, गोव्यातल्या एकासह, युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, बारसू त्यांतले एक, आणि त्याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा वाद पेटला. मग चित्रे प्रकल्पविरोधाचे हत्यार झाली आणि प्रकल्पवाले त्यांना अडथळा म्हणू लागले. माझे प्रकल्पाबद्दल काय मत आहे ते इथे गौण आहे. ही चित्रे तीस वर्षांपूर्वी राजापूरच्या तहसिलीतल्या वहीत गट क्रमांकासह असती, तर जागा निवडणाऱ्याने नकाशावर बोट ठेवण्याआधीच ती पाहिली असती. आणि चिरेखाणींनी जे सडे कापून नेले त्यांच्यासाठी कुणी आंदोलनही केले नाही, कारण तिथे काय होते हेच कुणी लिहिलेले नव्हते.

आम्ही तिघे दिवाळीनंतर त्या ओढ्याकाठी गेलो. पाणी ओसरले होते. भरावातून तीन वीरगळ हाताने मोकळे करता आले. एकाचे दोन तुकडे झाले आहेत, एकावर खालच्या पट्टीत गुरे आणि धनुष्य घेतलेला माणूस स्पष्ट दिसतो, एकावर झिजलेल्या दोन ओळी आहेत. टेप लावून मापे घेतली, अक्षरांवर तिरपा उजेड पाडून फोटो काढले. म्हातारीला नाव विचारले तर म्हणाली, ‘वीर-बिर नाय, आमच्यात त्यांना ‘भाऊ’ म्हणत्यात, पोळ्याला निवद असतो.’ मग शाळेच्या दोनशेपानी वहीत पहिली नोंद केली: स्थानिक नाव, भाऊ. मूळ जागा, वेशीबाहेर उत्तरेस. आजची जागा, ओढ्याचा भराव. काळ, कोरा. संख्या: मोजलेले तीन, फोटोत चार, गावाच्या आठवणीत पाच.